अमेरिकेवरचा राग आणि अतिरेक्यांना पाठिंबा: हे दोन आकडे वेगवेगळे का वाचायचे

प्रश्न असा आला आहे: "मुस्लिम देशांतल्या चाचण्यांमध्ये बहुसंख्य लोक दहशतवाद चुकीचा म्हणतात आणि त्याच चाचण्यांमध्ये अमेरिकेला शत्रूही म्हणतात. यातलं खरं काय? की लोक चाचणीवाल्यांना गुंडाळतात?"

मी सव्वीस वर्षं जनमत चाचण्यांच्या धंद्यात आहे. पहिली दहा घरोघर फिरण्यात गेली, पुढची प्रश्नावल्या लिहिण्यात आणि इतरांनी भरून आणलेल्या प्रश्नावल्यांवर संशय घेण्यात. दोन्ही खरं आहे, असं माझं उत्तर. लोक गुंडाळतातही, पण तुम्ही समजता त्या जागी नाही.

घोटाळा होतो तो आपल्या डोक्यातल्या पट्टीमुळे. पट्टीच्या एका टोकाला "अतिरेकी", दुसऱ्या टोकाला "पाश्चात्त्यांचा मित्र", आणि माणूस मध्ये कुठेतरी उभा. मग अमेरिकेला शिव्या देणारा आपोआप पहिल्या टोकाकडे सरकतो आणि बिन लादेनला शिव्या देणारा दुसऱ्या. चाचण्यांचे आकडे या पट्टीवर बसतच नाहीत. वीस वर्षांत अनेकांनी बसवायचा प्रयत्न केला, त्यात पुष्कळ शहाणे लोकही होते.

जॉर्डनचं उदाहरण घ्या. ९ नोव्हेंबर २००५ च्या रात्री अम्मानमधल्या तीन हॉटेलांत आत्मघाती स्फोट झाले. साठच्या आसपास माणसं गेली. एका हॉटेलात लग्न चालू होतं. नवरानवरी वाचले, दोघांचेही वडील गेले. पैगंबरांच्या जीवनावर चित्रपट काढलेला सीरियन-अमेरिकन दिग्दर्शक मुस्तफा अक्काद आणि त्याची मुलगीही त्या स्फोटांत गेली. स्फोट घडवले इराकमधल्या अल कायदाने, आणि तिचा म्होरक्या झरकावी हा जॉर्डनच्याच झरका गावचा.

स्फोटांच्या काही महिने आधी, २००५ च्या वसंतात, प्यू या अमेरिकन जनमत संस्थेची चाचणी झाली होती. इस्लामच्या रक्षणासाठी नागरिकांवर आत्मघाती हल्ले कधी ना कधी समर्थनीय ठरतात, असं तेव्हा ५७ टक्के जॉर्डनी मुसलमानांनी सांगितलं होतं. बिन लादेनवर "खूप विश्वास" आहे म्हणणारे २५ टक्के होते. वर्षभराने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर ५७ चे २९ झाले होते आणि ते २५ टक्के एका टक्क्याच्याही खाली आले होते. या धंद्यात एका वर्षात दोन-चार टक्के हलले तरी आम्ही अहवालाला मथळा देतो. इथे निम्मं समर्थन वितळलं.

आता त्याच चाचणीतला दुसरा रकाना बघा, जो बातम्यांत फारसा आला नाही. अमेरिकेबद्दल चांगलं मत असणारे जॉर्डनी २००५ मध्ये २१ टक्के होते, २००६ मध्ये १५. म्हणजे अल कायदाचा तिटकारा वाढला त्याच वर्षी अमेरिकेबद्दलचं मतही घसरलं. पट्टी खरी असती तर हे शक्यच नव्हतं.

पाकिस्तानात हेच आणखी ठळक दिसतं. २००९ च्या सुरुवातीला स्वातमध्ये सरकारने तालिबानशी तह केला. एप्रिलमध्ये एका मुलीला फटके मारतानाची चित्रफीत घराघरांतल्या टीव्हीवर दिसली. मग तालिबानी बुनेरमध्ये उतरले, तिथून इस्लामाबाद शंभरेक किलोमीटर. मेमध्ये लष्कर घुसलं आणि वीसेक लाख लोक घरं सोडून निघाले. या सगळ्या धामधुमीत, मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला प्यूची माणसं प्रश्न विचारत फिरत होती. तालिबानबद्दल वाईट मत असणारे २००८ मध्ये ३३ टक्के होते, आता ७० झाले. अतिरेकी देश ताब्यात घेतील अशी धास्ती ६९ टक्क्यांना वाटत होती. आणि अमेरिका? ६४ टक्के लोकांनी तिला शत्रू म्हटलं, भागीदार म्हणणारे ९ टक्के.

तुम्हाला यात विसंगती दिसते. लाहोरच्या एखाद्या दुकानदाराला दिसत नाही. त्याच्या लेखी तालिबान ही मुळात अमेरिका, सौदी पैसा आणि स्वतःचे जनरल यांनी मिळून ऐंशीच्या दशकात वाढवलेल्या मुजाहिदीनांची पिलावळ आहे. अफगाणिस्तानातून सोव्हिएत फौजा गेल्यावर अमेरिका हात झटकून निघून गेली आणि २००१ नंतर त्याच पिलावळीला मारायला परत आली, आणि त्याचं बिल मात्र पेशावरने भरलं. हा इतिहास थोडा सोपा करून सांगितलेला आहे, स्वतःच्या लष्कराचा वाटा तो दुकानदार हळू आवाजात सांगतो, पण सांगाडा खोटा नाही. जाळणारा आणि रॉकेल पुरवणारा, दोघांवरही एकाच वेळी रागावता येतं.

२००७ मध्ये मेरिलँड विद्यापीठाशी जोडलेल्या एका गटाने इजिप्त, मोरोक्को, पाकिस्तान आणि इंडोनेशिया या चार देशांत नेमका हाच विषय घेतला. मुस्लिम जगाला दुबळं करून त्यात फूट पाडणं हे अमेरिकेचं उद्दिष्ट आहे असं सरासरी ७९ टक्क्यांना वाटत होतं. सगळ्या मुस्लिम देशांतून अमेरिकेचे तळ निघावेत, या ध्येयाशी चारांतले तीन सहमत होते. आणि त्याच लोकांतल्या बहुसंख्यांनी नागरिकांवरचे हल्ले साफ नाकारले. अवघड भाग पुढेच आहे. इजिप्तमध्ये, इराकमधल्या अमेरिकन सैनिकांवरचे हल्ले मात्र दहातल्या नऊ जणांना मान्य होते. इंडोनेशियात बहुमत त्याच्याही विरोधात होतं. म्हणजे लोक "हिंसा" नावाच्या एका डब्यात सगळं कोंबत नाहीत. परक्या फौजेवरचा हल्ला आणि बाजारातला बॉम्ब यांत ते फरक करतात. तो फरक तुम्हाला पटो न पटो, प्रश्नावली लिहिताना तो पाळावाच लागतो. "तुम्ही हिंसेचं समर्थन करता का?" असा गुळमुळीत प्रश्न विचारणारी चाचणी माझ्या टेबलावर आली तर मी पुढचं पान उलटत नाही.

माझा असा ठोकताळा आहे की समर्थनाचा आकडा बरेचदा अंतर मोजतो. बॉम्ब लांब फुटतो तोवर तो "प्रतिकार" असतो, आपल्या गल्लीत फुटला की खून. पण हा ठोकताळा सगळीकडे चालत नाही, हेही कबूल करते. ऑक्टोबर २००२ मध्ये बालीत २०२ माणसं मेली आणि तरी २००३ च्या चाचणीत जवळजवळ साठ टक्के इंडोनेशियन मुसलमानांनी बिन लादेनवर विश्वास दाखवला. कदाचित मेलेल्यांत बहुतेक परदेशी होते म्हणून, कदाचित इराक युद्ध नुकतंच पेटलं होतं म्हणून. आणि पॅलेस्टिनी भागात २००७ मध्येही ७० टक्के लोक आत्मघाती हल्ल्यांना कधी ना कधी समर्थनीय म्हणत होते. तिथे युद्ध अंगणातच होतं, अंतराचा प्रश्नच नव्हता.

आता पाश्चात्त्य हस्तक्षेपाच्या बाजूला या. हा आकडा धर्माने हलत नाही, धोरणाने हलतो. इंडोनेशियात २००२ मध्ये ६१ टक्के लोकांचं अमेरिकेबद्दल चांगलं मत होतं. इराकवर हल्ला झाल्यावर २००३ मध्ये ते १५ वर आलं. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, अमेरिकन विमानवाहू नौकेवरची हेलिकॉप्टरं आचेहच्या किनाऱ्यावर पाणी आणि तांदूळ टाकत फिरली, आणि २००५ मध्ये आकडा ३८ वर गेला. तोच देश, तीच नमाज, तेच मौलवी. तीन वर्षांत ६१, १५, ३८.

ट्युनिशियातलं उदाहरण तर आमच्या धंद्यात दुर्मीळच. अरब देशांत चाचण्या घेणाऱ्या अरब बॅरोमीटर या गटाची चाचणी तिथे सप्टेंबर २०२३ च्या मध्यात सुरू झाली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपली. मध्येच ७ ऑक्टोबर आला, हमासने इस्रायलवर हल्ला केला तो दिवस. एकूण २,४०६ मुलाखतींपैकी साधारण निम्म्या आधीच्या, निम्म्या नंतरच्या. कोणी मुद्दाम रचूनही असा प्रयोग जमवू शकला नसता. आधीच्या मुलाखतींत अमेरिकेबद्दल चांगलं मत ४० टक्के होतं. गाझावरची बॉम्बफेक सुरू झाल्यानंतर, ऑक्टोबर संपेपर्यंत ते १० टक्क्यांवर आलं होतं. त्या वीस-पंचवीस दिवसांत ट्युनिशियातल्या कुठल्याही मशिदीत नवा धर्म शिकवला गेला नव्हता.

आता गुंडाळण्याचा मुद्दा. लोक कुठे गुंडाळतात?

मी स्वतः २००३ च्या एप्रिलमध्ये भिवंडीत होते. बगदाद पडलं त्या आठवड्यात. पॉवरलूमच्या गल्लीत बोलताना घसा बसतो, म्हणून आम्ही मुलाखती दुपारच्या सुट्टीत घ्यायचो. एका खोलीत चाळिशीचा कारागीर, शेजारी त्याचा भाचा, दारात दोन शेजारी. नियमाप्रमाणे मुलाखत एकट्याची घ्यायची असते. भिवंडीच्या दहा बाय दहाच्या खोलीत "एकटा" कुठून आणणार? इराकवरच्या हल्ल्याचा प्रश्न विचारला, तर तो ताडकन "गलत" म्हणाला. पुढचा प्रश्न अतिरेकी संघटनांबद्दलचा. तो थांबला. माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे एकदा बघितलं, दाराकडे एकदा. मग म्हणाला, "अल्ला बेहतर जाने." मी "डीके-सीएस"च्या चौकटीवर खूण केली. म्हणजे माहीत नाही किंवा सांगता येत नाही. आणि मग त्यानेच मला विचारलं, "बाई, ये वाला सवाल आप पाटील साब के घर में भी पूछती हो?"

नव्हतो विचारत. तो प्रश्न फक्त मुस्लिम नमुन्यासाठी होता.

तर सगळ्यात जास्त माहिती या "डीके-सीएस"मध्ये दडलेली असते. २०१५ मध्ये प्यूने आयसिसबद्दल विचारलं, तेव्हा लेबनॉनमध्ये जवळपास प्रत्येकाने वाईट मत दिलं, जॉर्डनमध्ये ९४ टक्क्यांनी. पाकिस्तानात वाईट म्हणणारे फक्त २८ टक्के. लगेच कुठे कुठे मथळे झाले की पाकिस्तान आयसिसच्या बाजूने. अहो, चांगलं म्हणणारे ९ टक्के होते. बाकीचे ६२ टक्के "सांगता येत नाही"मध्ये बसले होते. त्यांतल्या काहींना खरंच माहीत नव्हतं. काहींना दारात कोण उभं आहे ते माहीत होतं.

यावर तोडगा काढणारे लोकही आहेत. २००९ मध्ये क्रिस्टीन फेअर, जेकब शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात सहा हजार लोकांना विचारताना एक युक्ती केली. "लष्कर-ए-तैयबा आवडते का?" असं विचारलंच नाही. अर्ध्यांना विचारलं की पोलिओ लसीकरणाची योजना कशी वाटते, मदरशांचा अभ्यासक्रम बदलण्याची योजना कशी वाटते. उरलेल्यांना तेच विचारलं, फक्त अमुक संघटनेचा याला पाठिंबा आहे एवढं जोडून. संघटनेचं नाव जोडल्यावर योजना लोकांना जितकी जास्त आवडली किंवा नावडली, तेवढं त्या संघटनेबद्दलचं मत. माणसाने काहीच कबूल केलेलं नसतं, त्यामुळे त्याला घाबरायचं कारण नसतं. निघालं काय? अतिरेकी संघटनांबद्दल सगळ्यात जास्त नावड गरिबांत होती, मध्यमवर्गात कमी. "गरिबी आणि अडाणीपणातून अतिरेक येतो" हे आपण चहा पिताना बोलतो ना, त्याच्या बरोबर उलट. शहरी गरिबाच्या बाजारातच बॉम्ब फुटत होते.

आकड्यांचे लबाड उपयोग दोन्हीकडून होतात. गॅलप या चाचणी संस्थेच्या मोठ्या अभ्यासातून "फक्त ७ टक्के मुसलमान कट्टर" हा आकडा २००८ च्या सुमारास जगभर फिरला. तो कसा काढला होता? ९/११ चे हल्ले किती समर्थनीय, ते १ ते ५ मध्ये सांगायचं होतं. त्यात पूर्ण ५ म्हणणारे आणि शिवाय अमेरिकेबद्दल वाईट मत असणारे ते ७ टक्के. ४ म्हणणारे बाहेर ठेवले होते. यावर तेव्हा बरीच टीका झाली आणि ती योग्य होती. दुसऱ्या बाजूचे लोक मग ४, ३, २ सगळे मिळवून मोठा आकडा दाखवतात. "२" वर खूण करणारा माणूस बॉम्ब बनवत नसतो आणि बहुधा देवदूतही नसतो. रेघ कुठे मारली ते विचारल्याशिवाय टक्केवारी पुढे पाठवू नका.

आणि एक गोष्ट उदारमतवादी मित्रांना आवडत नाही, तरी सांगते. अतिरेक्यांना नाकारणं म्हणजे उदारमतवादी होणं नव्हे. २००९ च्या ज्या चाचणीत ७० टक्के पाकिस्तानी तालिबानच्या विरोधात गेले, त्याच चाचणीत व्यभिचाराला दगडांनी मारण्याची शिक्षा हवी म्हणणारे ८३ टक्के होते आणि धर्म सोडणाऱ्याला मृत्युदंड हवा म्हणणारे ७८. प्यूच्या २०११ च्या चाचणीत एकाही मुस्लिम देशात ३० टक्के लोकसुद्धा ९/११ अरबांनी घडवलं हे मानायला तयार नव्हते. या नाकारण्याकडे मी अज्ञान म्हणून बघत नाही. "हे आमच्यातल्यांनी केलं" हे वाक्य घशाखाली उतरत नाही, म्हणून मोसाद किंवा सीआयए शोधली जाते. ज्याला कृत्य मान्य असतं तो कर्त्याला नाकारत बसत नाही, हे खरं. पण या नाकारण्याने आतली चर्चा वर्षानुवर्षं तुंबते, हेही तितकंच खरं. आपल्याकडे हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, तेव्हा त्यांचं भांडण नेमकं या तुंबण्याशी होतं.

कटाच्या गोष्टी पसरायला पाश्चात्त्यांनीही मदत केली आहे बरं. इराणचे पंतप्रधान मोसादेक यांच्याविरुद्धचा १९५३ चा उठाव सीआयएने घडवला, हे तिच्या स्वतःच्या कागदपत्रांतून अधिकृतपणे २०१३ मध्ये मान्य झालं, म्हणजे साठ वर्षांनी. त्यातली कितीतरी वर्षं हे म्हणणाऱ्या इराण्याला वेड्यात काढता येत होतं. अबोटाबादमध्ये बिन लादेनचं घर हुडकताना हेपेटायटिस-बी लसीकरणाच्या नावाखाली बनावट मोहीम चालवली गेली. "लस म्हणजे अमेरिकेचा डाव" असं सांगणाऱ्या मुल्लाला हा पुरावा आयता मिळाला. २०१२ पासून पाकिस्तानात पोलिओचे डोस पाजणाऱ्या बायकांना गोळ्या घातल्या गेल्या. गोळ्या अतिरेक्यांनीच घातल्या. पण २०१४ मध्ये अमेरिकेला जाहीर करावं लागलं की यापुढे हेरगिरीसाठी लसीकरण मोहिमा वापरणार नाही.

"मुस्लिम जगाचं मत" ही वस्तू अस्तित्वात आहे का, असाही एक उपप्रश्न तुमच्या प्रश्नात दडलेला आहे. फारशी नाही. भायखळ्याच्या खिलाफत हाऊसवरून दर ईद-ए-मिलादला जुलूस निघतो. ती वास्तू ज्या चळवळीची आठवण आहे, त्या चळवळीत १९१९ पासून इथले मुसलमान, आणि त्यांच्याबरोबर गांधीजीही, तुर्की खिलाफत वाचवायला ब्रिटिशांशी भांडत होते. मार्च १९२४ मध्ये ती खिलाफत ब्रिटिशांनी नाही, तुर्कांनीच बरखास्त केली. दूरच्या मुस्लिम भूमीबद्दलचं आपल्या गावातलं मत आणि त्या भूमीवरच्या माणसांचं मत, यांत असं अंतर तेव्हाही होतं. आजही गाझा, काबूल, तेहरानबद्दल मुंब्र्यात जे बोललं जातं, त्यातलं निम्मं मुंब्र्याबद्दल असतं. २६/११ नंतर मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी नऊ हल्लेखोरांना दफनाला जागा नाकारली. प्रेतं वर्षाहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होती. सरकारने जानेवारी २०१० मध्ये गुपचूप दफन केलं आणि एप्रिलमध्ये ते सांगितलं. त्या नकाराला कोणी चाचणी म्हणणार नाही, पण एखाद्या समाजाने आपलं मत इतक्या स्पष्टपणे नोंदवलेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही.

चाचण्यांची एक मर्यादा राहिली. पाकिस्तानातल्या त्या चाचण्यांत अफगाण सीमेलगतचा कबायली इलाका वगळलेला होता, सुरक्षेच्या कारणाने. म्हणजे ज्यांच्या डोक्यावर ड्रोन आणि दारात तालिबान, नेमकी तीच माणसं टक्केवारीत नाहीत. नमुन्याची तळटीप वाचा असं मी नव्या मुलांना सांगते, त्याचं कारण हे.

भिवंडीचा तो कारागीर डोक्यातून गेला नाही. पुढे दुसऱ्या एका चाचणीत प्रश्नावली माझ्या हातात आली, तेव्हा अतिरेकाचा प्रश्न सगळ्याच घरांत विचारायचा असं ठरवलं. शब्द तेवढे बदलले: कुठल्याही धर्माचं नाव न घेता "धर्माच्या नावाने सामान्य माणसांवर हल्ला" असं लिहिलं. पहिल्याच दिवशी ठाण्यातल्या एका सोसायटीत एका काकांनी चष्मा वर करून प्रश्न दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "अहो, हा आम्हाला कशाला विचारताय?" मुलाखत घेणाऱ्या आमच्या मुलीने, तिला शिकवलं होतं तसं, काही न बोलता "डीके-सीएस"वर खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला.